बॅड बनीचा साल्सा हा खरा साल्सा आहे का?

मध्यलय

मी स्पॅनिश शिकवते. गेल्या महिन्यात वर्गात एक वाद पेटला. तो तास संपला तरी मिटला नाही, म्हणून इथे मांडते आहे.

वाद बॅड बनीवरून झाला. ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खरं नाव बेनितो अँतोनियो मार्तिनेस ओकासियो, जन्म १९९४, गाव पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचं वेगा बाहा. सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरून द्यायची नोकरी करता करता तो आपली गाणी इंटरनेटवर टाकत असे. पुढे ट्रॅप (रॅपचा एक प्रकार) आणि रेगेटोन (स्पॅनिशमधलं ठेक्यावरचं रॅप-नाचसंगीत) गात जगभर पोचला. ५ जानेवारी २०२५ ला त्याचा ‘देबी तिरार मास फोतोस’ हा अल्बम आला. नावाचा अर्थ ‘जास्त फोटो काढायला हवे होते’. सतरा गाणी आहेत. रॅप आणि रेगेटोन आहेच, पण त्यांच्या जोडीला साल्सा हे जुनं लॅटिन नाचसंगीत आहे, प्लेना हे डफांवरचं लोकसंगीत आहे, बेटावरची जुनी वाद्यं आहेत.

माझा एक विद्यार्थी जुन्या साल्साचा शौकीन आहे. तो म्हणाला, “गळ्यात माळ घातली म्हणून रॅपर वारकरी होत नाही.”

मला हे पटलं नाही. ‘बाइले इनोल्विदाब्ले’ ऐका, म्हणजे ‘न विसरता येणारा नाच’. सहा मिनिटांचं गाणं आहे. सुरुवातीला सिंथेसायझरचा उदास, लांबणारा सूर येतो, वाटतं की नेहमीचंच काही असेल. मग अचानक ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, येतो आणि पुरा साल्साचा ताफा उभा राहतो. हे वाजवणारी मुलं सान हुआनच्या एस्कुएला लिब्रे दे मुसिका या संगीतशाळेतली आहेत. कोवळ्या वयाची मुलं. जुन्या तबकडीचा तुकडा उचलून त्याखाली ठेका लावणं त्याला सहज जमलं असतं. याच अल्बमच्या पहिल्या गाण्यात त्याने तेच केलं आहे. एल ग्रान कोम्बो या पोर्तो रिकन साल्सा ताफ्याच्या १९७५ च्या गाण्याचा तुकडा घेतला आणि त्यावर रेगेटोनचा ठेका चढवला. पण ‘बाइले’साठी त्याने माणसं बसवली, त्यांच्याकडून वाजवून घेतलं. हा फरक कानाला कळतो, आणि माझ्या लेखी तोच महत्त्वाचा आहे.

आणि साल्सा तरी कुठे सोवळ्यातला आहे? क्यूबाचा सोन हा गाण्याचा प्रकार, पोर्तो रिकोचे ढोलांवरचा बोम्बा आणि प्लेना, जॅझचा ब्रास हे सगळं न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत एकत्र आलं. १९६४ मध्ये जॉनी पाचेको हा डोमिनिकन वादक आणि जेरी मासुची हा इटालियन वंशाचा वकील यांनी फानिया ही कंपनी काढली, आणि पुढे तिने हे संगीत ‘साल्सा’ या नावाने विकलं. खुद्द तितो पुएंते या नामवंत बँडप्रमुखाला ते नाव कधी आवडलं नाही. जे मुळातच मिसळून झालं, त्यात रॅप मिसळला म्हणून विटाळ कसला?

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर आधी.

---

जर्सीकर

विरोधी मत आहे, म्हणून आधी लिहितो.

ताई, मी तीस वर्षं न्यू जर्सीत आहे. पहिल्या नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर पोर्तो रिकोतल्या पोन्सेचा एक माणूस बसायचा. त्याने मला एक्तोर लावो हा साल्सा गायक ऐकवला. तेव्हापासून जुन्या तबकड्या शोधून विकत घेतो आहे. स्पॅनिश मी त्या तबकड्यांवरूनच शिकलो. म्हणजे मी हे परकेपणाने बोलत नाही.

वाजवणाऱ्या मुलांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उत्तम वाजवलं आहे. माझी तक्रार गळ्याबद्दल आहे.

साल्साच्या गाण्याचे साधारण दोन भाग असतात. पहिल्यात गोष्ट सांगितली जाते. दुसऱ्यात मोंतुनो सुरू होतो, म्हणजे कोरस एकच ओळ घोळवत राहतो आणि मधल्या रिकाम्या जागेत गायक त्या क्षणी सुचेल ते गातो. त्याला सोनेओ म्हणतात, आणि जो ते करू शकतो तो सोनेरो. नुसता गायक वेगळा आणि सोनेरो वेगळा. इस्माएल रिवेरा या पोर्तो रिकन गायकाला ‘एल सोनेरो मायोर’, म्हणजे थोरला सोनेरो, म्हणत. तो कोरसच्या ओळीवर पाऊल ठेवायचा, मागे यायचा, शब्द तोडून ठोक्याच्या पलीकडे टाकायचा आणि तरी समेला घरी असायचा. लावो तर त्याच जागेत समोरच्या माणसाची चेष्टा करायचा, स्वतःचं दुःख सांगायचा आणि गाव आठवायचा.

आता ‘बाइले’चा मोंतुनो ऐका. कोरस चांगला आहे. मधल्या जागा येतात आणि बॅड बनी तिथे थोड्या, आधी ठरवलेल्या वाटणाऱ्या ओळी टाकून बाजूला होतो. ज्या जागेसाठी साल्सा आहे ती जागा त्याला भरता येत नाही. घर बांधलं, रंग दिला, माणसं बोलावली आणि देवघर रिकामं ठेवलं, असं मला ते ऐकताना वाटतं.

तुमच्या विद्यार्थ्याला माझा नमस्कार सांगा.

---

तिहाई

दोघांचंही वाचलं. मी तबला शिकतो, त्यामुळे तालाच्या बाजूने लिहितो. लांबेल, पण हे टाळ्या वाजवून बघितल्याशिवाय कळत नाही.

सोळा बारीक मात्रा धरा. साल्साचा कणा म्हणजे क्लावे. दोन लाकडी दांडक्यांवर वाजणारे पाच ठोके. त्याची तीन-दोनची बाजू अशी: १, ४, ७, मग ११, १३. वाजवून बघा. पहिल्या आठ मात्रांत तीन ठोके, ओढून ताणलेले. दुसऱ्या आठांत दोनच, आणि तिथे ताण सुटतो. बॅंडमधल्या पियानोपासून ब्रासपर्यंत सगळ्यांचं बोलणं या दोन बाजू सांभाळून चालतं. कोणी उलट्या बाजूला पडला की जाणकार माना हलवतात. आपल्याकडे भरी आणि खालीचं भान असतं, त्याच्या जवळ जाणारं हे काहीतरी आहे. तंतोतंत तेच नाही.

आता रेगेटोनचा ठेका, म्हणजे डेंबो. बास ड्रम १, ५, ९, १३ वर. स्नेअर ४, ७, १२, १५ वर. पहिल्या आठ मात्रा बघा: १, ४, ७. क्लावेचेच तीन ठोके! दोन्ही आफ्रिकेतून कॅरिबियनमध्ये आलेल्या एकाच घराण्यातले आहेत, तीन-तीन-दोन अशा तुकड्यांचे. म्हणून रॅप करणारा पोरगा साल्सावर पाऊल ठेवतो तेव्हा तो परक्या घरात शिरत नाही. इथपर्यंत मी मध्यलय यांच्या बाजूने.

पण दुसऱ्या आठ मात्रांत डेंबो तेच पुन्हा बोलतो: ९, १२, १५. क्लावे तिथे बोलणं बदलतो. एक ताल प्रश्न विचारून उत्तर देतो, दुसरा प्रश्नच पुन्हा विचारत राहतो. नाचायला दोन्ही छान, पण एकावर एक ठेवले तर क्लावेचं उत्तर बुडतं.

आणि म्हणूनच मला तुम्ही दोघं ज्यावर भांडता आहात ते या अल्बममध्ये फारसं दिसतच नाही. ‘बाइले’त साल्सा सुरू झाल्यावर खाली डेंबो नाही. साल्सा तो साल्सा म्हणूनच वाजतो. रेगेटोनच्या गाण्यात रेगेटोन. हे मिश्रण नव्हे, हा शेजार आहे. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं. खरं मिश्रण ऐकायचं तर १९९६ सालच्या डीएलजी या न्यूयॉर्कच्या गटाकडे जा. निर्माता सेर्हियो जॉर्ज. तिथे एकाच गाण्यात साल्साचा ब्रास, रॅप आणि जमैकन ढंगाचं बोलणं एकमेकांत घुसवलेलं आहे. ते धाडस होतं. बॅड बनीने सांभाळून खेळी केली आहे, आणि मला वाटतं शहाणपणाने केली आहे, पण तिला क्रांती म्हणू नका.

---

गिरकी

जर्सीकर काका, आदर ठेवून पूर्ण असहमत!

मी पुण्यात सहा वर्षं साल्सा नाचते आहे. सहा वर्षांत मला ऑन वन आणि ऑन टूमधला (नाच पहिल्या मात्रेवर धरायचा की दुसऱ्या) फरक शिकवला गेला, वळणं शिकवली गेली, जोडीदाराचा हात कुठे धरायचा ते शिकवलं गेलं. पोर्तो रिको हे अमेरिकेच्या ताब्यातलं बेट आहे हे कोणीही सांगितलं नाही. आम्ही एक ते आठ मोजत होतो आणि गाणं कशाबद्दल आहे हे विचारत नव्हतो. माझी चूक आहे, मान्य. पण ती दुरुस्त झाली ती या अल्बममुळे.

यूट्यूबवर त्याच्या प्रत्येक गाण्यासोबत पडद्यावर मजकूर येतो. तो होरेल मेलेंदेस-बादियो या इतिहासकाराने लिहिला आहे. गाणं चालू असताना बेटाचा इतिहास वाचायचा. मी शब्दकोश घेऊन बसले. १९४८ ते १९५७ या काळात तिथे मोर्दासा नावाचा कायदा होता, म्हणजे तोंडाला मुसकी बांधणारा. त्याखाली स्वतःचा झेंडा बाळगणं, लावणं हासुद्धा गुन्हा ठरायचा. हे वाचल्यावर अल्बमचं शेवटचं गाणं, ज्यात तो आईवडील कसे भेटले इथपासून सुरुवात करून झेंड्यापर्यंत येतो, ते मला उभं राहून ऐकावंसं वाटलं. तोही साल्साच आहे, काका. आणि त्यात त्याचा आवाज कुठेही रिकामा वाटत नाही.

आमच्या सोशलला, म्हणजे नाचाच्या मेळाव्यात, ‘बाइले’ लागलं की सिंथेसायझरवर सगळे नुसते उभे असतात, हात हातात घेऊन. ब्रास आला की अख्खा हॉल एकदम हलतो. नवीन आलेली मुलं, जी कोपऱ्यात पाणी पीत उभी असतात, तीही येतात. हे घडवणाऱ्या गाण्याला साल्सा नाही म्हणायचं तर मग काय म्हणायचं?

---

जर्सीकर

गिरकी, तुम्ही शब्दकोश घेऊन बसलात हे वाचून मनापासून आनंद झाला. असंच करत राहा.

पण इतिहास कळणं वेगळं आणि गाणं जमणं वेगळं. पडद्यावरचा मजकूर मीही वाचला, चांगला आहे. त्याने सोनेओ होत नाही. हॉल हलतो याचं श्रेय त्या शाळेतल्या मुलांना द्या. माझं म्हणणं अजून तिथेच आहे.

---

कंदील

मला गळा आणि ताल यांच्यापेक्षा श्रेयाचा प्रश्न टोचतो, आणि त्यावर इथे कोणी बोललेलं नाही.

आधी एक गोष्ट मध्यलय यांच्या बाजूची. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने ती पार्टी केली, जिला हिपहॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आला त्या संस्कृतीचा, जन्म मानतात. त्यानंतर तेरा दिवसांनी, २४ ऑगस्टला, त्याच ब्रॉंक्समधल्या यँकी स्टेडियमवर फानिया कंपनीच्या वादकांचा, फानिया ऑल-स्टार्सचा, जलसा झाला. मोंगो सांतामारिया आणि रे बारेतो यांची कोंगावरची जुगलबंदी चालू असताना लोक मैदानात घुसले आणि कार्यक्रम थांबवावा लागला. शहराच्या एकाच भागात, एकाच महिन्यात दोन्ही घडलं. पुढे पोर्तो रिकन मुलं हिपहॉपमध्ये पहिल्या फळीत होती: कोल्ड क्रश ब्रदर्सचा डीजे चार्ली चेस, ब्रेकडान्समधला क्रेझी लेग्ज. त्यामुळे रॅप आणि साल्सा या एकमेकांना अनोळखी गोष्टी आहेत, हे मलाही मान्य नाही.

पण पुढे बघा. डेंबो जमैकाचा. त्यावर स्पॅनिश चढवलं पनामातल्या कृष्णवर्णीय गायकांनी. पोर्तो रिकोत ते वस्त्यांमध्ये वाढलं तेव्हा १९९५ मध्ये पोलिसांनी दुकानांवर छापे घालून कॅसेट जप्त केल्या, अश्लील आणि गुन्हेगारी म्हणून. बोम्बा हा गुलामांच्या वंशजांचा, लोईसासारख्या गावांनी जपलेला. पन्नाशीच्या दशकात रफाएल कोर्तिहो आणि इस्माएल रिवेरा या कृष्णवर्णीय जोडीने बोम्बा आणि प्लेना नाचाच्या दालनांत आणि टीव्हीवर नेले. एल ग्रान कोम्बो, ज्याचा तुकडा बॅड बनीने उचलला, तो १९६२ मध्ये कोर्तिहोच्याच ताफ्यातून फुटून निघालेल्या वादकांनी उभा केला. आणि २००२ मध्ये तेगो काल्देरोन या पोर्तो रिकन रॅपरने रॅपमध्ये बोम्बा आणि साल्सा आणून दाखवला होता. तोही कृष्णवर्णीय. वीस वर्षांपूर्वी!

नोव्हेंबर २०२५ मध्ये लॅटिन ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला तो बॅड बनीचा. मला त्याचा राग नाही. त्याने प्लेनाच्या तरुण ताफ्याला, लोस प्लेनेरोस दे ला क्रेस्ताला, एक अख्खं गाणं दिलं हे मला दिसतं. पण “त्याने साल्सा आणि रॅप एकत्र आणले” असं वाक्य मी ठिकठिकाणी वाचतो तेव्हा तेगोचं नाव नसतं, आणि ते मला खुपतं. जे लोक हे आधी करत होते त्यांच्या वाट्याला छापे आले. आता तेच जागतिक कौतुक झालं आहे. गाण्याचा रंग बदलला नाही, गाणाऱ्याचा बदलला.

---

तिहाई

कंदील, तेगोबद्दल शंभर टक्के. मीच वर त्याचं नाव घ्यायला हवं होतं.

---

मध्यलय

सगळ्यांचं दोनदा वाचलं. एकेक घेते.

जर्सीकर, सोनेओबद्दल तुम्ही बरोबर आहात. तुमचा प्रतिसाद वाचून पुन्हा ऐकलं, आणि त्या मधल्या जागा आता मलाही ऐकू येतात. तो सोनेरो नाही. हे मी मान्य करते आणि वर्गातही सांगेन. पण देवघर रिकामं आहे म्हणून ते घर नाही, हे मान्य करत नाही. साल्सा गाणारे सगळेच सोनेरो होते का? ऐंशीच्या दशकातला साल्सा रोमांतिका, म्हणजे प्रेमगीतांचा मवाळ साल्सा, आठवा. किती गायकांना सुचेल तसं गाता येत होतं? तरी तुम्ही-आम्ही तो साल्साच म्हणतो.

बुगालूचंही आठवा. १९६६ मध्ये ‘जो क्यूबा’ नावाच्या बँडप्रमुखाचं गाणं गाजलं, न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन मुलांनी इंग्रजी शब्द आणि कृष्णवर्णीयांचा रिदम अँड ब्लूज हे क्यूबन तालावर घातलं. जुन्या बँडवाल्यांनी नाकं मुरडली. पियानोवादक एडी पाल्मिएरी त्याला लाजिरवाणं म्हणत असे. तरी त्याने आणि पुएंतेने बुगालू वाजवलाही. ही भांडणं साठ वर्षं चालली आहेत आणि प्रत्येक वेळी नवीन मुलांना हेच सांगितलं गेलं की तुमचं खरं नाही. आजचा मोठा साल्सा गायक मार्क अँथनी साल्सात येण्याआधी लिटल लुई वेगा या डीजेच्या हाउस संगीतावर (क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीतावर) गात होता. आज त्याला कोण बाहेरचा म्हणेल?

तिहाई, ‘शेजार’ हा शब्द मला आवडला आणि तो मी उचलणार. पण शेजाराला कमी लेखू नका. माझ्या वर्गातली अठरा वर्षांची मुलगी रेगेटोन ऐकायला म्हणून अल्बम लावते आणि शेजारच्या दारातून तिला ब्रास ऐकू येतो. ती तिकडे जाते. डीएलजीचं धाडस मला मान्य आहे, पण त्या मुलीपर्यंत ते पोचलं नाही. आणि ही एकट्याची लहर नाही. २०२४ मध्ये राऊ अलेहांद्रोनेही, तोही रेगेटोनवाला, साल्सा गायक फ्रँकी रुइसचं १९८५ चं गाणं साल्सा म्हणूनच पुन्हा गायलं.

कंदील, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तेगोचं नाव मी पहिल्या लेखात घ्यायला हवं होतं. ही माझी चूक आहे. फक्त एक सांगते. २०१० ते २०२० या दहा वर्षांत पोर्तो रिकोची लोकसंख्या सदतीस लाखांवरून तेहतीस लाखांच्या खाली आली. २०१७ मध्ये मारिया वादळाने बेट उद्ध्वस्त केलं. करसवलती घेऊन बाहेरचे श्रीमंत येऊन घरं विकत घेत आहेत आणि तिथली मुलं निघून जात आहेत. अशा वेळी या माणसाने २०२५ च्या उन्हाळ्यात सान हुआनच्या कोलिसेओ या मोठ्या सभागृहात एकतीस कार्यक्रम केले, पहिले नऊ फक्त बेटावर राहणाऱ्यांसाठी. आणि जगाच्या दौऱ्यातून अमेरिकेची मुख्य भूमी वगळली, कारण कार्यक्रमाच्या दाराशी स्थलांतर खात्याची धाड पडेल ही भीती. साल्सा त्याने या सगळ्याच्या मध्ये ठेवला आहे. नुसत्या चवीपुरता घातलेला नाही.

---

गिरकी

मध्यलय ताई, ‘पहिले नऊ फक्त बेटावरच्यांसाठी’ हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

कंदील, तेगो काल्देरोन आजच लावला. आमच्या शिक्षकांनाही पाठवला. कोर्तिहोचं कुठून सुरू करू?

---

कंदील

कोर्तिहो आणि रिवेराचं पन्नाशीच्या दशकातलं काहीही लावा. आधी फक्त ढोल ऐका, मग दुसऱ्यांदा गळा. पांदेरेता म्हणजे प्लेनाच्या हातातल्या डफांत तीन आकार असतात. दोन मोठे ताल धरून ठेवतात, तिसरा छोटा, रेकिंतो, त्यांच्या डोक्यावर मनसोक्त बोलतो. प्लेनाला ‘गायलेलं वर्तमानपत्र’ म्हणतात. गावात काय घडलं ते गाण्यातून कळायचं. मग बॅड बनी घरांच्या किमतींबद्दल का गातो तेही कळेल. ही सवय बेटावर जुनी आहे.

---

जर्सीकर

रविवारी हेडफोन लावून ‘बाइले’ तीनदा ऐकलं. नातू शेजारी बसला होता. त्याला ते गाणं आधीच पाठ आहे. मला वाटलं होतं मी त्याला काहीतरी ऐकवेन.

साल्सा रोमांतिकाबद्दल मध्यलय यांनी मला पकडलं आहे. त्यातल्या बऱ्याच गायकांना मी स्वतः सोनेरो म्हणत नाही, पण त्यांच्या तबकड्या माझ्या कपाटात साल्साच्याच खणात आहेत. म्हणजे माझं कपाट माझ्या विरोधात साक्ष देतं. मग ‘साल्सा नाही’ हे शब्द मी मागे घेतो. ‘सोनेरो नाही’ हे घेत नाही.

तिसऱ्या वेळी मी फक्त वादक ऐकले. ब्रासची मुलं कोरसच्या मागून जे काही बोलतात, ते कोणीतरी त्यांना नीट शिकवलेलं आहे. क्लावे एकदाही सुटत नाही. नातवाला मी मोंतुनोतल्या जागा बोटाने दाखवल्या: इथे, इथे, आणि इथे. इथे लावो काय म्हणाला असता ते सांगितलं. मग त्याने स्वतःच एक ओळ घातली, इंग्रजीत, ठोक्याच्या जरा मागून. चुकीची होती, पण जागा बरोबर पकडली होती.

त्या सान हुआनच्या शाळेतल्या मुलांपैकी कोणी गाणाराही असेल आणि त्याचा स्वतःचा अल्बम निघाला, तर कृपा करून याच धाग्यावर कळवा.